काट्ली

पणतू सात आठवड्यांचा झाला, अजून बिननावाचा.
आमच्या फ्योर्डात त्याची घाई नसते. पोरगा म्हणतात,
आणि पोरगा दूध पितो, ढेकर देतो,
नावावाचून त्याचं काही अडत नाही.
एइरूनने फोनवर विचारलं, आजी, तुझ्या बापाचं नाव
आलं कुठून गं?

शेगडीवरून, म्हटलं.
केटिल म्हणजे किटली. दुकानात आजही याच नावाने मिळते.
जुन्या काळी हंडा, अख्खं मेंढरू मावेल असा,
ज्याच्याभोवती हिवाळाभर माणसं दाटीने बसत.
कोणी म्हणतं शिरस्त्राण.
हंडा पालथा घातला की झालं शिरस्त्राण,
काम एकच, आतलं सांडू द्यायचं नाही.
एइरूनला शिरस्त्राण बरं वाटलं. तरुण आहे.

माझा बाप मासेमारीच्या बोटीवर आचारी होता.
किटली नावाचा आचारी. काय सांगायचं.
तो शिडी उतरला की कोणीतरी शिट्टी घाली,
आधी एक जण, मग सगळी बोट.
त्याने जन्मात शिट्टी वाजवली नाही.
घरी नवी किटली आली की आधी पक्कड शोधी
आणि तिच्या तोंडावरची शिट्टी उपटून काढी.
आई म्हणे, पाणी आटतं, बूड जळतं.
जळू दे, म्हणे.
आम्ही कानांनी नाही, डोळ्यांनी चहा करायला शिकलो.

टेलिफोनच्या पुस्तकात आम्ही माणसं पहिल्या नावाने लावतो.
वर काउरींची रांग, खाली क्यार्तानांची,
मधे तो एकटा,
लग्नघरात कोणाचंच नातं न लागणाऱ्या पाहुण्यासारखा.

मी हाल्बेरा केटिल्सदोत्तिर, केटिलची मुलगी. एकुलती.
माझ्या पोरांच्या मागे त्यांच्या बापाचं नाव.
बाप आमच्याकडे एका पिढीपुरताच असतो.
त्यापुढे नाव न्यायचं तर कोणीतरी मुद्दाम उचलावं लागतं,
जड भांडं उचलतात तसं, दोन्ही कान धरून.
मी एइरूनला उचल म्हटलं नाही.
शाळेच्या आवारातल्या शिट्ट्या त्या पोराला ऐकायच्यात,
मला नाही.

आम्हाला शाळेत नावं चालवायला लावत, विभक्ती पाठ करत:
हा केटिल्ल. याच्याविषयी केटिल.
याच्यापासून काट्ली. याच्याकडे केटिल्स.
तिसऱ्या घरात नाव मोडतं, ए चा आ होतो.
काही देताना मोडतं, दूर जाताना मोडतं.
हे मी दहा वर्षांची असताना घोकलं
आणि पन्नाशीत, उघड्या खड्ड्यापाशी, पाद्रीबाई म्हणाल्या,
देव काट्लीस शांती देवो,
तेव्हा व्याकरण कळलं.

रविवारी पोराचं नाव ठेवलं. आउस्केल.
एइरूनला कानाला गोड लागलं, दुसरं कारण नाही.
मी बाकावर. दोन्ही पाय बधिर. तिसऱ्या स्तोत्राच्या सुमारास
ध्यानात आलं, शेपटाकडचं ते केल.
थोरकेल, ग्रीमकेल, ह्राप्नकेल,
सगळ्यांच्या शेपटाला तोच हंडा बांधलेला,
झिजून झिजून बुडाच्या चकतीएवढा उरलेला.
बोटीवर सगळ्यांत मोठी शिट्टी ज्याची, तो शेजारचा थोरकेल,
त्याला मरेपर्यंत पत्ता नव्हता.
मला हसू आलं. स्तोत्रात खपून गेलं.

कोणाला सांगितलं नाही अजून.
सांगून तरी काय, आउस्केल कसाही चालवा, मोडत नाही.
काट्ली आता माणसाला कोणी म्हणणार नाही,
आमच्या फ्योर्डात तरी.

संध्याकाळी सगळे घरी आले, ओले बूट दारात.
एइरून आतून विचारते, आजी, गरम पाणी कशात आहे?
काट्लिनुम, म्हणते मी. किटलीत.
आणि शेगडीपाशी उभी राहते, लक्ष ठेवून.
ती आवाज करत नाही.